पासंग

तू आकडेमोडीतला, तूच ठरव, म्हणाले.
मी मासळीच्या शीतगृहात पगारपत्रकं करायचो, एवढंच.
पण ग्रिम्सबीतल्या त्या पबच्या मागल्या खोलीत
अकरा संघांची गुरुवारची पूल लीग,
आणि तीन वर्षं चषक एकाच कपाटात.
बाकीचे यायचेच बंद झाले होते.

बसलो वही घेऊन.
प्रत्येकाच्या शेवटच्या वीस फ्रेम,
जुनीला कमी भार, ताजीला जास्त.
त्यातून निघेल एक आकडा, दोन ते सात.
सातवाल्याने सात जिंकायच्या, दोनवाल्याने दोन,
आधी पोचेल त्याचा सामना.
लहानपणी याला आम्ही लिंबूटिंबू म्हणायचो.
लिंबूटिंबू बाद झाला तरी बाद नसायचा
आणि हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक असायचं.
इथे आकडा भिंतीवर लागणार होता.

पहिल्याच महिन्यात डगी थ्रेलफॉल हरायला शिकला.
पॉकेटच्या तोंडाशी बसलेली पिवळी,
फुंकर मारली तरी जाईल अशी,
कुशनला घासून परत यायची
आणि डगी कपाळावर हात मारून घ्यायचा,
जरा जास्तच जोरात.
पाचाचा चार, चाराचा तीन,
मग मार्चमध्ये, चषकाच्या आठवड्यात,
एकाएकी हात बसला गड्याचा.
मी कलम घातलं: आकडा चढेल भराभर,
उतरेल मुंगीच्या पावलाने, हंगामात एकच पायरी.
रडीचा डाव बंद. टाळ्या पडल्या. कुणीतरी बिअर पाजली.

कलम लिहिताना डोळ्यांपुढे फक्त डगी होता.

मॉरीन ॲस्क्यू, वय एकाहत्तर, आकडा सहा.
नवरा आइसलंडच्या बाजूला मासे धरायला जायचा,
तीन-तीन आठवडे. त्या आठवड्यांत शिकलेला हात.
पुढच्या नोव्हेंबरात अर्धांगाचा हलका झटका आला.
फेब्रुवारीत परत आली,
उजव्या मनगटात एक बारीक थरथर घेऊन,
भरल्या कपाखालच्या बशीला असते तेवढीच.
वही म्हणते सहा. माझं कलम म्हणतं, फार तर पाच.
खरं तर तीन.

वडील जालन्याच्या मोंढ्यात तोलार होते.
रोज सकाळी काटा रिकामाच उचलून बघायचे,
पारडं हलकं दिसलं की दोरीला खडा बांधायचे.
झुकतं माप वेगळं, पासंग वेगळा, म्हणायचे.
खडा मेहरबानी करत नाही,
काट्याचं खोटं तेवढं झाकतो.

हे मी मॉरीनला इंग्रजीत सांगायला गेलो.
खडा म्हणालो, काटा म्हणालो,
थरथर म्हणालो नाही.
ती क्यूच्या टोकाला खडू घासत राहिली,
निळी पूड माझ्या उघड्या पानावर पडली.
‘सहाच लिही,’ म्हणाली. ‘आणि शाईने लिही.’

उपांत्य फेरीत तिच्यासमोर चिठ्ठी निघाली माझीच.
मी दोन. लीगमधला सगळ्यात छोटा आकडा,
बनवणाऱ्याने स्वतःला प्रामाणिकपणे दिलेला.
तिने चार फ्रेम घेतल्या. त्यातल्या एकीत
काळी तीन कुशन फिरून, अगदी सावकाश,
चपला काढून आत यावं तशी पॉकेटमध्ये गेली.
मी दोन घेतल्या. त्यातली एक
तिच्या मनगटाने मला दिली.

कागदावर मी जिंकलो. डगीने पाठ थोपटली.
तिच्या खऱ्या आकड्याने सामना कधीच संपला होता,
माझी दुसरी फ्रेम लागायच्या आत,
हे खोलीत दोघांना ठाऊक होतं.
कदाचित डगीलाही.

निकालपत्रावर तिने सही केली,
अक्षरं उताराला लागलेली.
आकड्याच्या रकान्यात मात्र सहा ताठ काढला,
दोनदा गिरवून.
मग घड्याळाकडे बघत म्हणाली,
बसला अजून वीस मिनिटं आहेत,
एक टाकू या का,
नुसतीच?

मी नाणं सरकवलं.
टेबलाच्या पोटातून गोट्या गडगडत आल्या,
लाल, पिवळ्या, एकमेकींना ढकलत.
वही खिडकीत राहिली, निळी पूड तशीच.
‘फोड तू,’ ती म्हणाली.